पाम बीच रोडच्या खाडीकडची तिवरं अचानक तपकिरी पडलीत, कोणी औषध मारलंय का?

सकाळची_वॉकर

नमस्कार मंडळी, मी नवी मुंबईत नेरूळला राहते, रोज सकाळी साडेसहाला खाडीच्या बाजूने चालायला जाते, आठ-नऊ वर्षं तरी झाली असतील. गणपतीला गावी गेले होते, पंधरा दिवसांनी परत आले आणि परवा पहिल्यांदा चालायला गेले तर बघून पोटात धस्सच झालं. जी खारफुटी जाताना हिरवीगार होती, पावसाळ्यात तर डोळ्यात भरेल इतकी हिरवी, ती अक्षरशः जळल्यासारखी तपकिरी दिसतेय. एक-दोन झाडं नाही हो, नजर जाईल तिथपर्यंतचा पट्टा. वणवा लागून गेल्यावर डोंगर दिसतो ना तसं, पण काळं काही नाही, राख नाही, धुराचा वास नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर एक जण म्हणतो अ‍ॅसिड ओतलं असणार, जागा मोकळी करायला हेच करतात. दुसरा म्हणतो सांडपाणी सोडलं. आमचे वॉचमन काका म्हणाले की मॅडम दर वर्षी होतं असं, पण मला तरी आठवत नाही, किंवा मी कधी नीट बघितलं नसेल.

अजून एक, त्या मोठ्या पट्ट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून जिथे डेब्रिजचा ढीग पडलाय त्याच्या मागे एक छोटा तुकडा आहे, तिथली झाडं तपकिरी नाहीत तर चक्क राखाडी झालीत, एक पान नाही, फक्त फांद्या उभ्या. हे दोन्ही एकच आहे का वेगवेगळं? आणि सांगायचं कोणाला? माहितगार लोकांनी प्लीज लिहा, मला रात्री नीट झोप नाही लागली.

---

किडामुंगी

ताई, आधी एक श्वास घ्या. मोठ्या पट्ट्याचं जे वर्णन केलंय त्यावरून मला ९० टक्के वाटतंय की ही अळी आहे. सागाची पानं खाणारी अळी म्हणतात ती, शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा, इंग्रजीत टीक डिफोलिएटर. नाव सागाचं पण आपल्याकडे ती तिवरावर, म्हणजे तुमच्या त्या खारफुटीच्या झाडांवर, पण येते, पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास. ऐरोली, विक्रोळी, भांडुप सगळीकडे हे होतं आणि दर वेळी लोकांना वाटतं की कोणीतरी विष टाकलं. तुमचे वॉचमन काका बरोबर बोलतायत, लक्ष असतं त्यांचं.

खात्री करायची असेल तर सोप्या खुणा आहेत. जवळ जाऊन पान बघा, पानाची जाळी झालेली दिसेल, हिरवा गर खाऊन टाकलेला आणि शिरा तेवढ्या उरलेल्या, त्या सुकून तपकिरी होतात म्हणून लांबून जळल्यासारखं दिसतं. बारीक रेशमासारखे धागे लोंबताना दिसतील, गुंडाळलेल्या पानात कोष असतील. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे फक्त तिवरच खाल्लेलं असतं, शेजारी मरांडी असेल, चिपीचं झाड असेल तर ते हिरवंच राहतं. विष किंवा सांडपाणी असतं तर त्याने असा भेदभाव केला नसता. पक्षी पण बघा, अळ्या पडल्या की कोतवाल, साळुंक्या, कावळे, वेडे राघू यांची तिथे झुंबड उडते.

नखाने फांदीची साल थोडी खरवडा. आत हिरवं ओलं लागलं तर झाड ठणठणीत आहे, महिना-दीड महिन्यात नवी पालवी येईल. कृपा करून कोणाला फवारणी करायला सांगू नका, काही जण उत्साहात ते पण करतात, त्याने अळी मरेल तसे खालचे खेकडे-मासे पण मरतील. हे चक्र फार जुनं आहे, अळी खाते, पक्षी अळी खातात, विष्ठा आणि पानांचा चुरा चिखलात पडून खत होतं, झाड पुन्हा फुटतं.

पण तो दुसरा राखाडी तुकडा... तो मला अजिबात बरा वाटत नाहीये. तिथे जाऊन पाणी कसं आहे ते बघून सांगाल का?

---

सकाळची_वॉकर

खूप खूप आभार! आज रविवार, नवऱ्याला घेऊन गेले. तुम्ही लिहिलंय तसंच आहे सगळं, अगदी तसंच. अळ्या अजून आहेत थोड्या, काळपट अंगावर लांब रेघा, एक तर धाग्याला लटकून माझ्या ओढणीवरच उतरली. पानांची जाळी झालीये, आणि वेडे राघू एवढे की मोजता येईनात. साल खरवडली तर आत हिरवीगार. जीव भांड्यात पडला एकदम.

एक गंमत बघितली, काही काही उरलेल्या पानांच्या खालच्या बाजूला पांढरे बारीक कण चमकत होते, बोट लावून जिभेवर ठेवलं तर मीठ! नवऱ्याने पण चाखलं. इतकी वर्षं शेजारून जातेय आणि हे माहीतच नव्हतं की हे झाड पानातून मीठ बाहेर टाकतं.

पण दुसरा तुकडा, तिथे साल खरवडली तर आत तपकिरी, कोरडी. फांदी कट्‌कन मोडली हातात. खाली पाणी आहे गुडघाभर पण काळं, वर तेलाचा तवंग, हलत नाही अजिबात. आम्ही साडेदहाला पोचलो, साडेबारापर्यंत थांबलो, मोठ्या पट्ट्यात पाणी आमच्या डोळ्यांसमोर चढलं, झाडांची ती पेन्सिलीसारखी मुळं एकेक करून बुडाली, आणि या तुकड्यात मात्र एक बोटभर फरक नाही पडला. मधे जुना कच्चा रस्ता आहे, त्याखालून दोन पाईप असावेत असं वाटतं पण तोंडावर डेब्रिज, फुटक्या टाईल्स, कमोडचे तुकडे, सिमेंटच्या गोणी. ३१ झाडं मेलेली मोजली मी.

---

खाडीकाठचा

ताई तुमी जे बघितलं ते बरोबर बघितलं. आमी या खाडीवरच वाढलो, बापूस पागेर होता, पाग टाकून बोय, कोळंबी आणायचा, तिवराच्या मुळात हात घालून चिंबोऱ्या काढायचा, मी पिशवी धरून मागं. म्हणून सांगतो, तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाय. पाणी अडवा, बस, आपोआप मरतं.

ती जी पेन्सिली बोलता ना वर आलेल्या, ती त्याची नाकं हायत. चिखलात हवा नसते म्हणून मूळ वर डोकं काढून श्वास घेतं. भरतीला दोन-तीन तास बुडालं तर चालतं, ओहोटीला परत मोकळं होतं. पण तुमी पाईप बुजवला तर आतलं पाणी आतच राहिलं, नाकं कायमची पाण्याखाली, झाड गुदमरून मेलं. उलटं पण होतं बरं, भरावाने भरतीचं पाणीच आत येऊ दिलं नाय तर जमीन सुकून भेगा पडतात, वर पांढरं मीठ फुटतं आणि झाड तसंच मरतं. दोन्हीकडून पाणी आलं पायजे आणि गेलं पायजे, एवढं एकच मागणं हाय त्याचं.

जुन्या लोकांना हे माहीत होतं म्हणून तर खारबंदिस्तीला उघाडी ठेवायचे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप बंद आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. तिची राखण करायला माणूस असायचा. आता पाईप टाकतात आणि विसरतात, पाईपात काय अडकलंय ते कोण बघणार.

लहानपणी ओहोटीला चिखलावर निवट्या, ते उड्या मारणारे छोटे मासे, इतक्या असायच्या की पाऊल टाकलं की चारी दिशांना टणाटण उड्या. पकडायला जाम कठीण, बिळात हात घालायचा आणि दुसऱ्या तोंडाला पोरगा बसवायचा. कांदा-लसूण घालून निवट्यांचं कालवण आई करायची तसं आता कुठं मिळत नाय, मिळाल्या निवट्या तरी किलोचा भाव ऐकून परत ठेवतो. जिताडा तर आता लग्नातच बघायचा. लोकांना वाटतं मासे समुद्रात होतात. मोठे समुद्रात होतात हो, पण कोळंबीचं, बोयीचं, जिताड्याचं पिल्लू वाढतं ते या मुळांच्या जाळ्यात, तिथं मोठा मासा शिरू शकत नाय म्हणून. तिवर गेलं की पाळणाघरच गेलं, मग बाहेर कितीपण मोठी बोट घेऊन जा.

---

ऐरोलीतला_भाडेकरू

मला पटतंय सगळं पण थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. आमच्या बिल्डिंगच्या मागेच खारफुटी आहे आणि संध्याकाळी सहानंतर खिडकी उघडता येत नाही एवढे मच्छर. पोरीला गेल्या वर्षी डेंग्यू झाला. लोक म्हणतात खारफुटीमुळेच. मग सामान्य माणसाने काय समजायचं?

दुसरं, माझ्या मामाची अलिबाग तालुक्यात खाडीलगत भातशेती होती, खारवट तांदूळ, चव अशी की नुसता मीठ-भात खावा. उधाणात बांधाला खांड पडली, ज्यांचं काम होतं त्यांच्याकडे मामा चार वर्षं खेटे घालत होता, बांध काही बांधला नाही. खारं पाणी शेतात, भात गेलं, आणि बघता बघता कांदळ उगवलं. आता बांध दुरुस्त करायचा म्हटलं तरी परवानगी, झाडाला हात लावायचा नाही, जमीन सातबाऱ्यावर मामाची आणि उपयोग शून्य. मामा वारला तेव्हा पण शेताचंच बोलत होता. म्हणून कोणी खारफुटी वाचवा म्हटलं की माझ्या मनात पहिला तो येतो. मी विरोधात नाहीये, पण या माणसांचं पण कोणी बोला.

---

कोपरीकर

ऐरोलीकर, तुमच्या मामांचं वाचून गलबलून आलं. हे खरं आहे आणि आम्ही शहरात बसून कांदळवनाबद्दल लिहिणारे लोक हे नेहमी गाळतो. पेण, अलिबाग, उरण पट्ट्यात असे कितीतरी शेतकरी आहेत. माझं स्पष्ट मत, वेळेवर बांध न बांधणं हा गुन्हा होता आणि त्याची भरपाई शेतकऱ्याला मिळायलाच हवी, त्याच्या जमिनीवर आज जे जंगल उभं आहे त्याचा फायदा सगळ्या किनाऱ्याला होतोय तर किंमत त्या एकट्याने का भरायची? पण त्यावर उपाय म्हणून झाडं मारली तर भात परत येणार नाही, तिथे दुसऱ्याच कोणाचा भराव येईल, हे पण आपण बघतोय.

मच्छरांचं सांगतो. मच्छर साठलेल्या पाण्यात होतात. जिथे दिवसातून दोनदा भरती येऊन पाणी धुवून निघतं, आत लहान मासे अळ्या खातात, तिथे त्यांना फार जम बसवता येत नाही. जम कुठे बसतो, तर ताईंनी दाखवलेल्या त्या काळ्या पाण्यात, डेब्रिजच्या मागे, प्लास्टिकच्या डब्यात, टायरमध्ये. आणि डेंग्यूचा डास तर घरातल्या, गच्चीवरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, कूलर, कुंडीखालची ताटली, उघडी टाकी. मुलीला आता बरं असेल अशी आशा करतो. तुमच्या बिल्डिंगमागे जाऊन पाणी हलतंय का ते एकदा बघाच, बहुतेक तिथे पण कुठेतरी बुच बसलेलं सापडेल.

आता पुराचं, कारण नवी मुंबईत राहणाऱ्याने हे समजून घ्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. आपलं शहर बरंचसं खाजणावर, म्हणजे भरतीचं पाणी पसरतं त्या खाडीकाठच्या जमिनीवर, भराव घालून वसवलंय, कित्येक सेक्टर मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून तर धारण तलाव केले, डच लोकांसारखे. भरतीला झडपा बंद, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. खाडीकाठावर कांदळवन असेल तर लाटेचा जोर मुळांच्या जाळ्यात मरतो, काठ धुपत नाही, वरून आलेला गाळ तिथे अडकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वर भरती, आणि मिठी नदीचा काठ, खाडीकडची मोकळी खाजणं आधीच भरावाखाली गेलेली. पाण्याला पसरायला जागाच नव्हती, मग ते घरात शिरलं. मी तेव्हा कुर्ल्याला कामाला होतो, गळ्यापर्यंतच्या पाण्यातून दोरी धरून निघालोय. त्याआधी सात महिने त्सुनामी आली होती, तेव्हा तमिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनामागच्या गावांना उघड्या किनाऱ्यावरच्या गावांपेक्षा कमी झळ बसली असं नंतरच्या पाहण्यांत दिसलं.

कार्बनचं पण आहे. आमच्या ठाण्याच्या खाडीत हात घाला, चिखल काळा आणि वास येणारा लागेल, कारण आत ऑक्सिजन नाही. पडलेलं पान, मेलेलं मूळ तिथे पूर्ण कुजतच नाही, शेकडो वर्षं गाडलं जातं. त्यामुळे जमिनीवरच्या दाट जंगलाच्या तीन ते पाच पट कार्बन एवढ्याच जागेत साठतो, आणि तो बहुतेक झाडात नाही, चिखलात. म्हणून इथलं झाड तोडून 'दुसरीकडे पाच लावतो' म्हटलं की मला चीड येते. चिखल उकरला की जो गेला तो गेला, रोपं लावून तो कधी भरून यायचा? बुलेट ट्रेनसाठी सुरुवातीला ५३ हजारांवर झाडं जाणार होती, कोर्टात लढून आराखडा बदलला, आकडा २२ हजारांच्या आत आला, डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली. म्हणजे पाठपुरावा केला की ३१ हजार झाडं वाचतात, हे पण त्यातून दिसलं. २२ हजार गेली तरी वाईटच.

---

किडामुंगी

कोपरीकरांना एक जोड देतो कारण हे कोणी बोलत नाही. जिथे दिसेल तिथे कांदळ लावणं हे पण बरोबर नाही. ठाणे खाडी गाळाने भरत चाललीये, वरून शहरांचा राडारोडा आणि सांडपाणी, त्यामुळे खाडीत काही ठिकाणी खारफुटी उलट पुढे सरकलीये आणि मोकळा चिखल कमी होतोय. आणि रोहित पक्ष्यांना चिखलच लागतो! फ्लेमिंगो झाडावर बसत नाहीत, उथळ पाण्यात मान उलटी करून शेवाळ गाळून खातात. पावसाळा संपला की यायला लागतात, मे-जूनपर्यंत असतात, लाखाच्या वर मोजणी झालीये. २०१५ मध्ये ठाणे खाडीचं अभयारण्य झालं, सुमारे १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२ मध्ये खाडीचा ६,५२१ हेक्टर भाग रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, जाहीर झाला, नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं. तर झाडं, मोकळा चिखल, मिठागरं, आत शिरणारे ओहोळ आणि उधाणाच्या भरतीला पक्षी टेकतात ते नेरूळच्या तलावासारखे तलाव, हे सगळं मिळून एक खाडी आहे. भरती आली की चिखल बुडतो, मग हे पक्षी चार तास कुठे उभे राहणार, तर या तलावांत. त्या तलावांना पण खाडीचं पाणीच लागतं, तिथला पाईप बुजला की तिथे पण तेच.

राज्याने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्ष केलं, देशात पहिलंच राज्य. चिपीचं फूल रात्री उमलतं, पांढऱ्या केसरांचा पुंजका, वटवाघळं आणि पतंग येतात त्यावर, सकाळी चिखलात केसर गळून पडलेले दिसतात. ताई, तुमच्या चालायच्या वेळेला दिसतील, बघा कधी.

---

अर्जफाटे

मी वकील नाही पण या विषयात बरीच पत्रं लिहिलीत म्हणून कामाचं सांगतो.

मुंबई हायकोर्टाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवरचा. २००५ च्या ऑक्टोबरमध्येच अंतरिम आदेशाने तोडीवर आणि ५० मीटरच्या आत भराव-बांधकामावर बंदी आली होती, २०१८ ला कोर्टाने सरळ म्हटलं की कांदळवन नष्ट करणं हा घटनेच्या कलम २१ चा म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. जमीन सरकारी असो की खाजगी, सीआरझेड १ मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या सगळ्यात कडक वर्गात येते. आणि जिथे नाश झालाय तिथे परत उभं करणं ही सरकारची जबाबदारी. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती पण त्याच निकालाने नेमली. पत्रात निकालाची तारीख टाका, वाचणारा सरळ बसतो.

वन विभागाची हेल्पलाईन १९२६, फोन केल्यावर तक्रारीचा नंबर मागून लिहून घ्या. पत्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाला, प्रत महापालिकेला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि आयुक्तांच्या समितीला. डेब्रिजची गाडी प्रत्यक्ष खाली होताना दिसली तर ११२ लावा, गाडीचा नंबर टिपा, पण एकट्याने ड्रायव्हरशी हुज्जत घालायला जाऊ नका, रात्रीचं तर नाहीच.

सगळ्यात महत्त्वाचं, तक्रारीत 'डेब्रिज पडलंय' एवढंच लिहिलं तर वरचा ढीग उचलून नेतील, फोटो काढतील, फाईल बंद. 'भरतीचं पाणी अडल्यामुळे झाडं मेली, पाईपची दोन्ही तोंडं मोकळी करावीत' असं लिहा. लोकेशनवाले फोटो जोडा, एक भरतीचा एक ओहोटीचा, दोन्हीकडचं पाणी एकाच चौकटीत येईल असा. तुमच्या ३१ झाडांचा आकडा टाकाच, पंचनामा करायला येणाऱ्याला मोजणं टाळता येत नाही मग. आणि स्वतः जेसीबी आणून साफ करायला जाऊ नका, परवानगीशिवाय तिथे मशीन घातलं तर गुन्हा तुमच्यावरच.

---

खाडीकाठचा

फोटोसाठी भरतीची वेळ कशी काढायची ते सांगतो, मोबाईल नको. कॅलेंडरात तिथी बघा, तिची पाऊणपट करा. चतुर्थी असली तर तीन वाजता भरती. अष्टमी, सहा वाजता. अमावस्या-पुनवेला पंधरा धरा, सव्वा अकरा येतात. अर्धा-पाऊण तास पुढंमागं धरायचं, आपल्याकडं पुनवेला बारा-साडेबारा होतात. आणि अमावस्या-पुनवेच्या आसपास उधाण, पाणी सगळ्यात वर, तेवाच फोटो काढा. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी, तेवा फरक दिसायचा नाय.

---

सकाळची_वॉकर

मंडळी, महिन्याने लिहितेय, उशीर झाला, पण मधे रोज धावपळ. अर्जफाटे, तुमच्या सांगण्यावरून सगळं केलं. सर्वपित्री अमावस्येला दुपारी बारा वाजता उन्हात उभं राहून फोटो काढले, पाऊणपटीचा हिशोब अगदी बरोबर आला. १९२६ ला फोन केला, पत्रं टाकली, सोसायटीतल्या चौदा जणांनी सह्या दिल्या. आधी दहा दिवस काहीच नाही, मग एकदा येऊन वरचा ढीग उचलून नेला (तुम्ही म्हणाला तस्संच!), मी परत पत्र टाकलं की पाईप अजून बुजलेलेच आहेत. मग पंचनाम्याला माणसं आली, त्यातल्या एका तरुण वनरक्षकाने पँट वर करून स्वतः चिखलात उतरून झाडं मोजली, त्याची ३४ झाली, माझी तीन राहिली होती. कोजागिरीच्या दोन दिवस आधी एक पाईप मोकळा केला. फावड्याने, पहारीने, सहा माणसं सकाळपासून. त्या एका पाईपातून काय काय निघालं सांगू, सिमेंटच्या गोण्या घट्ट दगड झालेल्या, नायलॉनची जाळी, एक आख्खी गादी.

कोजागिरीला दुपारी मी आणि मुलगी गेलो. खाडीकाठचे दादा पण आले होते, पहिल्यांदाच भेटलो. पावणेबाराच्या सुमाराला पाईपाच्या तोंडाशी आधी नुसता फेस आला, मग आतलं ते काळं पाणी जरा हललं, वरचा तवंग फाटला आणि एकदम खळखळ करत मातकट खारं पाणी आत शिरलं. मुलगी टाळ्या वाजवायला लागली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. अर्ध्या तासात मेलेल्या झाडांच्या बुंध्याला ओली रेघ चढली. दादांनी बोट दाखवलं तर पाण्याबरोबर बोटाएवढी बोयीची पिल्लं आत येत होती.

मोठ्या पट्ट्यात पालवी फुटलीये, पोपटी, लांबून धुकं उतरल्यासारखी दिसते. किडामुंगी, तुमचे शतशः आभार. ती ३४ झाडं मात्र मेलीच आहेत, त्यांना काही फुटणार नाही. तिथे रोपं लावायची का असं वनरक्षकाला विचारलं तर तो म्हणाला थांबा जरा. दादा, तुम्ही तिथे काय म्हणालात ते इथे पण लिहा ना, मला नीट सांगता येणार नाही.

आणि ऐरोलीकर, तुमच्या मुलीची तब्येत कशी आहे?

---

ऐरोलीतला_भाडेकरू

बरी आहे ताई, शाळेत जाते. बिल्डिंगच्या मागे जाऊन आलो. पाणी हलत नाही. नाल्याच्या तोंडाशी कोणीतरी पत्रे टाकून वर माती ओढलीये. फोटो काढलेत, अर्जफाटेंना मेसेज केलाय पत्राचा नमुना पाठवा म्हणून.

---

खाडीकाठचा

मी एवढंच बोललो की तिवराचं बी पडायचा हंगाम नुकताच झालाय. पावट्याच्या दाण्यासारखं जाड बी असतं, पाण्यावर तरंगत येतं, चिखल मिळाला की चार-पाच दिवसात मूळ धरतं. पाणी येत-जात राहिलं तर आपोआप रुजेल, लावायला नको. मेलेली झाडं पण काढू देऊ नका कोणाला, त्यांच्या मुळात बी अडकतं, नायतर ओहोटीबरोबर परत बाहेर जातं.

पण दुसरा पाईप अजून बंदच हाय. एका पाईपाने पाणी आत येतं तेवढं ओहोटीला बाहेर जात नाय, मी संध्याकाळी परत जाऊन बघितलं, आत वीतभर उरलं होतं. तो पण मोकळा झाला पायजे, नायतर बी रुजून परत गुदमरंल. दुसऱ्या पत्राचं काय झालं ते विचारा. दिवाळीच्या अमावस्येला भरतीला मी तिथं असतो, साडेअकराला. कोणी येणार असेल तर गमबूट नको, चिखलात अडकून बसतात, जुनी सपाता घाला पट्ट्याची आणि प्यायचं पाणी आणा.